नातीच्या पासपोर्टसाठी आधी आजीनं परदेशी व्हायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्या गोवेकरांवर एका वाचकानं सडकून टीका केली. ज्यांच्या साडेचारशे वर्षांच्या गुलामीतून सुटलो त्यांच्याच दारात हे लोक उभे राहतात, असा त्यांचा सूर, आणि शेवटी 'देशद्रोही' हे विशेषण. त्याच अंकात मागच्या पानावर एका सल्लागार मंडळींची जाहिरात होती. आजी-आजोबा गोवा, दमण किंवा दीवचे असतील तर युरोपचा पासपोर्ट हा तुमचा हक्क आहे, रामदासपेठेतल्या हॉटेलात मोफत मार्गदर्शन, चहापाणी. टीका करणारे आणि जाहिरात देणारे दोघेही एकाच प्रकरणाची अर्धी बाजू सांगतात. उरलेली बाजू आमच्या घरात गेलं वर्षभर जेवणाच्या टेबलावर पडून आहे, म्हणून हे पत्र.

मी जन्मानं आणि वास्तव्यानं पक्की नागपूरची. कोषागारात नोकरी केली, निवृत्त झाले. माझी आई मात्र गोव्यातल्या फोंड्याची. जन्म 1941, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. 1963 साली लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात आली ती आजतागायत इथेच आहे. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि तिला पुढं युरोपात जायचं आहे. तर अशा तीन पिढ्या. त्या वाचकांना आधी एवढंच सांगते की साडेचारशे वर्षांचा त्यांचा हिशेब आमच्या आजोळाला लागू पडत नाही. पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात घेतले, फोंडा त्यांच्याकडे गेला अठराव्या शतकात. म्हणून तर त्या तालुक्यांतली दैवतं फोंड्याकडं नेऊन लपवली आणि आज मंगेशी, म्हार्दोळ, कवळे सगळं फोंडा तालुक्यात आहे. पण हे विषयांतर झालं.

मूळ भानगड अशी. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालनं ते मानलं नाही. लिस्बनमध्ये 1974 च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली, सालाझारच्या वेळेपासूनची हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला दोन्ही देशांनी करार केला तेव्हा कुठं गोवा भारताचा हे त्यांनी कबूल केलं. पुढच्या वर्षी त्यांनी कायदा करून आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या बहुतेक लोकांचं पोर्तुगीज नागरिकत्व काढून घेतलं. गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना मात्र, राखायचं असेल तर राखा, अशी मुभा ठेवली. मग 1981 चा त्यांचा नागरिकत्व कायदा आला. त्यात पोर्तुगीज आईच्या किंवा वडिलांच्या परदेशात जन्मलेल्या मुलाला आपली जन्मनोंद तिकडच्या दप्तरात घालून पोर्तुगीज होता येतं, मग त्याचं वय काही असो. तेव्हा कुणी तिकडं जाऊन काही मागतं आहे असं नाही. तिथल्या कायद्यानं दार उघडं ठेवलं आहे आणि लोक आत जातात. आमच्या घरातल्या कुणाच्याही सात पिढ्यांत पोर्तुगालचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण कायद्याच्या लेखी माझ्या आईचा जन्म पोर्तुगालच्या हद्दीत झाला.

आणि वंशावरून नागरिकत्व देण्याची पद्धत काही त्यांचीच नव्हे. आपल्या सरकारनं 1962 साली गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. स्वतः, आई-वडिलांपैकी कुणी किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही 20 डिसेंबर 1961 च्या आधी त्या प्रदेशात जन्मलेलं असेल तर तो माणूस त्या दिवसापासून भारताचा नागरिक, असा तो आदेश. आजोबांपर्यंत मोजणी आपणही केली होती. माझ्या यजमानांचा जन्म 1955 चा, नागपूरचा, आणि त्या वर्षी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी. पुढच्या वर्षी आम्ही मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. पाळणा जागचा हलला नाही आणि तीन राज्यं होऊन गेली. त्यामुळे 'मातृभूमी एकच' म्हणून टेबलावर मूठ आपटणाऱ्यांचं मला फारसं कौतुक वाटत नाही.

आता जाहिरातवाल्यांकडे येते.

मुलीच्या आग्रहाखातर मी त्या शिबिराला गेले. सभागृह भरलेलं होतं. बरेच जण रेल्वेतून निवृत्त झालेले, काही मोहननगर-सदरकडचे ख्रिस्ती कुटुंबातले, काही आमच्यासारखे. पडद्यावर लिस्बनची ट्राम, मग पॅरिस, मग लंडन. लंडन पाहून मी हात वर केला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि 31 डिसेंबर 2020 नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं सरळ जाऊन राहण्या-काम करण्याची सोय संपली, हे मला ठाऊक होतं, कारण मामेभाऊ त्या आधी इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेला. त्या तरुणानं 'ते सोडा मॅडम, सत्तावीस देश आहेत ना' म्हणत पुढची चित्रं दाखवली. हरकत नाही. खरी गोष्ट पुढं आली. मी विचारलं, की माझ्या मुलीला पासपोर्ट हवा तर कागद कुणाचे लागतील? तो म्हणाला, सोपं आहे. आधी आजींची नोंद लिस्बनला करायची, मग तुमची, मग ताईंची. म्हणजे आधी मी पोर्तुगीज व्हायचं? तो हसला. 'नावापुरतं. भारतीय पासपोर्ट जवळ ठेवा, कुणी विचारत नाही.'

कोषागारात नोकरी केलेल्या बाईला 'कुणी विचारत नाही' म्हणणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. आमच्याकडे हयातीचा दाखला नोव्हेंबरात आला नाही तर पेन्शन थांबतं, मग माणूस समोर येऊन बसलेला असो.

विचारतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम, दोन्ही एकच सांगतात: आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला तर तो नियमांप्रमाणे निर्णायक पुरावा. केवळ लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद झाली आणि पासपोर्ट काढलाच नाही, तर काय? यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालले आहेत, आमदारांच्या निवडीपर्यंत प्रकरणं गेली आहेत, आणि असा प्रश्न उभा राहिला तर निर्णय केंद्र सरकारनं करायचा असतो. गंमत अशी की पोर्तुगालच्या मते ही नोंद झाली की तुम्ही जन्मापासूनच पोर्तुगीज होतात, आणि भारताच्या मते तुम्ही ते आज, स्वखुशीनं झालात. दोन्ही सरकारं आपापल्या जागी बरोबर. मध्ये सापडतो तो अर्जावर सही करणारा.

आणि सही करणारा हा बहुधा तरुण नसतो. जाहिरातीत बॅग ओढत विमानतळावर चाललेली पंचविशीतली मुलगी असते. पण साखळीतली मधली कडी म्हणजे मी, साठीतली बाई, जिला लिस्बनला जायचं नाही, ट्राममध्ये बसायचं नाही, शंकरनगरहून लक्ष्मीनगरला पायी येतानासुद्धा गुडघा दुखतो. मुलीचा रस्ता मोकळा करायचा तर देश मी बदलायचा. आणि माझ्या आधी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईनं.

मुलगी म्हणाली, ओसीआय कार्ड घे ना, काय फरक पडतो. फरक बघू. हे कार्ड म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला इथं येण्या-राहण्याची मुभा. पूर्वी भारतीय असल्यामुळे मला ते मिळेल, हे खरं. भारतात अर्ज केला तर पंधरा हजार रुपये शुल्क. त्यासाठी भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र लागतं. गोवेकरांचे पासपोर्ट जमा होण्याऐवजी रद्द होऊ लागले आणि शेकडो अर्ज अडकले, तेव्हा 2024 च्या एप्रिलमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं ठरवलं. पण ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. आमची काटोलला संत्र्याची बाग आहे, शेजारचे दोन एकर यजमानांच्या डोक्यात कित्येक वर्षं आहेत आणि ते माझ्या नावानं घ्यायचं आमचं ठरलेलं आहे. माहितीचा अधिकार कायद्यानं नागरिकांना आहे, परदेशी माणसाला नाही. निवृत्तीनंतरचा माझा मुख्य छंद तोच आहे, हे आपल्या बातमीदारांना चांगलं माहीत आहे. आणि हो, ओसीआयधारकाला पत्रकारिता करायची तर सरकारची विशेष परवानगी लागते. वाचकांच्या पत्राला लागते का, ते विचारून घ्यावं लागेल.

आता कागदांविषयी, कारण शिबिरात त्यावर दोन वाक्यं झाली आणि आमचे तिथंच महिने गेले. फोंड्याच्या मामांनी आईच्या जन्मनोंदीची नक्कल काढून पाठवली. गोव्यात या पूर्ण मजकुराच्या नकलेला 'तेओर' म्हणतात. आपल्याकडच्या दाखल्यासारखे रकाने नसतात. सगळं सलग लिहिलेलं, तारखासुद्धा अक्षरात. कुठल्या घरात, किती वाजता जन्म झाला, आई-वडील कोण, दोन्हीकडचे आजी-आजोबा कोण, साक्षीला कोण होते. आईला पोर्तुगीज वाचता येतं थोडं, लहानपणी शाळेत शिकलेली. चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवत ती वाचत गेली आणि एका नावावर थांबली. ती तिची आजी. ती बाई आईच्या जन्माआधीच गेली होती आणि घरात सगळे तिला 'व्हडली आई' म्हणत, म्हणून तिचं खरं नाव आईनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मोठ्यांदा वाचलं, मग मला वाचायला लावलं. त्या एका कागदाचा आम्हाला झालेला फायदा तेवढा, पण तो खरा.

पुढचा सगळा तोटा. आईचं माहेरचं नाव 'श'नं सुरू होतं आणि पोर्तुगीज दप्तरात 'श' लिहायला एक्स वापरतात, तेव्हा आधार कार्ड आणि तेओर एकमेकांना ओळखत नाहीत. मुळात आधार कार्डावर ते नावच नाही. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून आईचं स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं बदललं. फोंड्याच्या दप्तरातली मुलगी आणि महालातली सून एकच, याचा पुरावा काय? लग्नाचा दाखला. तो नाही. 1963 साली नागपुरात कोण लग्नाची नोंद करत होतं? गोव्यात झालं असतं तर पोर्तुगीज काळापासूनच्या पद्धतीनं नोंद झालीच असती, तिथं आधी नोंदणी आणि मग अक्षता. इथं आमच्याकडे एक लग्नपत्रिका, तीही वाळवीनं कोपरा खाल्लेली. आता नोंद करावी म्हणून कार्यालयात गेलो तर दोघांनी सही करायला यावं म्हणाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शिवाय आधारवर आईची जन्मतारीख 1 जानेवारी, जशी तिच्या वयाच्या अर्ध्या नागपूरची आहे, आणि तेओरमध्ये श्रावणातली. यजमान एवढं सगळं ऐकून म्हणाले, 'काहून बाप्पा एवढी भानगड? पोट्टीला साधा व्हिसा नाही मिळत का?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीचं म्हणणं मला पटतं, ते असं: पासपोर्ट हाती असला की नोकरी बदलली तरी कुणी देशाबाहेर काढत नाही, दर वेळी कंपनीच्या पत्रासाठी हात पसरावे लागत नाहीत. तिच्या बरोबरीची मुलं जर्मनीत, आयर्लंडमध्ये कामाच्या व्हिसावर आहेत आणि नोकरी गेली की त्यांची झोप उडते. तिला मी देशद्रोही म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणूही देणार नाही. ती सज्ञान आहे. तिचा हक्क असता तर तिनं खुशाल वापरावा. अडचण ही की तो तिच्यापर्यंत आमच्या दोघींच्या सहीतून जातो. नातवंडांसाठी त्या कायद्यात थेट वाटही आहे, आईला वगळून. पण तिथं पोर्तुगीज भाषा यावी लागते, तिकडच्या समाजाशी नातं दाखवावं लागतं, आणि आजीचं नागरिकत्व शाबूत असल्याचं सिद्ध करावं लागतं. म्हणजे पुन्हा आजीपासूनच सुरुवात.

तर आजीला विचारलं. सगळं समजावून सांगितलं, काय मिळेल, काय जाईल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'म्हाका कित्याक? सालाझार होता तेव्हा नको होते, आता कशाला?' मग थोड्या वेळानं नातीला फोन लावून तिनं विचारलं की माझ्या सहीनं तुझं काम होत असेल तर करते, पण मत देता येणार का मला? नाही, म्हटल्यावर फोन माझ्या हातात दिला. 2024 च्या लोकसभेला एप्रिलच्या उन्हात रिक्षा करून गेलेली बाई आहे ही. रांगेतल्या पोलिसानं पुढं जा म्हटलं तर नाही म्हणाली, नंबर येईल तेव्हा जाईन.

सही झालेली नाही. मुलीनं ते मान्य केलं, थोडी रुसली, आणि पोर्तुगीज शिकायला लागली. कशासाठी, ते ती सांगत नाही.

आता आपल्याला आणि वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नागपुरात गोवा-दमणकडून आलेली घरं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, ते त्या सभागृहात दिसलं. त्यांनी आई-वडिलांचं तेओर जरूर काढून ठेवावं, तिकडचे नातेवाईक हयात आहेत तोवर. गोव्यातल्या नोंदणी कार्यालयातून नक्कल काढल्यानं कुणी पोर्तुगीज होत नाही. नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो तो ती नक्कल घेऊन लिस्बनच्या दप्तरात नाव लावल्यावर. उलट ती नक्कल दुसऱ्या कामाची आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो, त्यात मुलींना मुलांइतकाच वाटा, आणि वडिलोपार्जित घराची 'इन्व्हेंटरी', म्हणजे वारसांतल्या वाटणीची कारवाई, निघते तेव्हा लग्न होऊन नागपूरला गेलेली बहीणही वारस असते. माझ्या आईची सही तिथं लागणार आहे, आणि ती करायला ती आनंदानं तयार आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. आपण त्या छापता, त्यात गैर काही नाही, व्यवहार आहे. पण जाहिरात देणाऱ्यांना एक ओळ घालायला सांगा: यासाठी आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना भारतीय नागरिकत्व सोडावं लागू शकतं. ओळ छोटी आहे, जागेचे पैसे फार वाढणार नाहीत. आणि जमल्यास एखाद्या जाणकार वकिलाकडून यावर सविस्तर लेख छापा. त्या शिबिरात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तिथल्या तिथं आगाऊ रक्कम भरली. रेल्वेतून निवृत्त, पत्नीच्या नावानं स्वस्त धान्याचं रेशन चालू, मुलगा आखाती देशात. आपण कोणत्या कागदावर सही करतोय, असं मी विचारलं तर म्हणाले, 'पोराच्या पासपोर्टचा फॉर्म आहे.' फॉर्मवर नाव त्यांचं स्वतःचं होतं.

कळावे,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी,
लक्ष्मीनगर, नागपूर

(नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. छापू नये ही विनंती, आईनं बजावलं आहे.)